रग हवीच, पण कसली?

पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. कळंब तालुक्यातील शालेय खो-खोचे सामने चालू होते. मैदानाच्या कडेला लिंबाच्या सावलीत आम्ही बसलो होतो. शेजारी एक माउली उभी होती. खुरपणीचा अर्धा दिवस मोडून ती आली होती. खुरपे तसेच पिशवीत होते, पदराला माती होती. तिची लेक मैदानात होती.

शेवटचा डाव होता. मुलीचा संघ एका गुणाने मागे होता आणि आक्रमण त्यांच्याकडे होते. दोन गडी बाद झाले की सामना हातात. खो मिळाला, मुलगी सुटली, झेप घेऊन तिने समोरच्या मुलीच्या पाठीला हात लावला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण त्या झेपेत तिचा पाय मध्यरेषेपलीकडे गेला होता. पंचांची शिट्टी वाजली. गडी बाद नाही!

तेवढ्यात पलीकडच्या गर्दीतून एक शेलका शब्द आला. मुलगी ज्या वस्तीतून येते, त्या वस्तीवरून. मुलीने ऐकले. ती जागच्या जागी थांबली, गर्दीकडे वळली, मग पंचांशी भांडू लागली. घड्याळ चालूच होते. पुन्हा पळाली ती रागाच्या भरात, आणि धरलेली दिशा मध्येच सोडून उलटी वळली. दुसरी शिट्टी. सामना एका गुणाने गेला.

सामना संपल्यावर त्यांचे सर म्हणाले, "रगच कमी पडली तुमच्यात. समोरच्या पोरी बघा, कशा अंगावर येत होत्या!"

माउली हळूच म्हणाली, "सर, रग कमी नव्हती. जरा जास्तच झाली."

मुलगी रडत म्हणाली, "माय, ते काय बोलले ते तू ऐकलं का?"

"ऐकलं बाई. समदं ऐकलं."

वाचकहो, त्या दिवसापासून ही तीन वाक्ये आमच्या मनातून गेलेली नाहीत. सर म्हणतात रग कमी पडली, आई म्हणते जास्त झाली, आणि मुलगी विचारते तो प्रश्न तर खेळाच्याही पलीकडचा आहे. संघाला जिंकण्यासाठी रग लागते का? छाती पुढे काढून, डोळ्याला डोळा भिडवून खेळणाऱ्यालाच यश मिळते का? आणि ज्याला मैदानात खेळाबरोबर अपमानही झेलावा लागतो, त्याने नेमके काय करावे?

शब्दांचा घोटाळा

आधी शब्द नीट पाहू. आपण रग, जिद्द आणि माज हे तीन शब्द एकाच पिशवीत टाकतो. आजकाल तरुण पोरे त्यालाच 'अ‍ॅटिट्यूड' म्हणतात. वास्तविक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रग म्हणजे अंगातली धमक, दमल्यावरही पाय उचलण्याची ताकद. जिद्द म्हणजे धरलेले काम न सोडणे. आणि माज म्हणजे आपण मोठे आहोत हे दुसऱ्याला दाखवण्याची हौस. पहिल्या दोन गोष्टींनी गुण मिळतात. माजाने टाळ्या मिळतात, पण फलकावर आकडा चढत नाही.

खो-खोचेच पाहा. हा आपला मातीतला खेळ. जुन्या पद्धतीच्या सामन्यात नऊ मिनिटे आक्रमण आणि नऊ मिनिटे संरक्षण. आठ गडी एकाआड एक विरुद्ध तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने आत येतात. पाठलाग करणाऱ्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही. खो मागूनच द्यावा लागतो, आणि खो मिळाल्याशिवाय बसलेल्याला उठता येत नाही. नियम मोडून बाद केलेला गडी बाद धरत नाहीत. पळणाऱ्याला मात्र कुठेही वळण्याची मुभा असते.

या नियमांचा अर्थ काय? नुसत्या वेगाने पळणाऱ्याला हा खेळ हरवतो. पळणारी मुलगी हूल देते ती याचसाठी, की समोरचीने चिडावे, चुकीची दिशा धरावी. आपण चिडलो की तिचे काम आपणच करून देतो. शिवाय नऊजणींची साखळी असते. एकटीच्या अंगात कितीही रग असली तरी योग्य क्षणी खो देऊन खाली बसण्याचा मोठेपणा नसेल, तर ती रग वाया जाते. 'मीच पकडीन' म्हणणारी दमते, आणि 'तू पकड' म्हणणारी संघ जिंकवते.

धाराशिवच्या मातीतले उदाहरण

आपल्याच जिल्ह्यातील सारिका काळे यांचे नाव खो-खो खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक असायला हवे. 2016 साली गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या कर्णधार होत्या. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट आम्हाला त्या पदकापेक्षा मोठी वाटते. जवळजवळ दहा वर्षे त्या एक वेळच्या जेवणावर खेळल्या. वडिलांच्या शारीरिक अडचणीमुळे घरची कमाई बेताची, आईचे कष्ट, आजी-आजोबांचा आधार. 2016 सालीच घरच्या पैशाच्या विवंचनेने त्या इतक्या खचल्या होत्या की खेळ सोडून देण्याच्या निर्णयापर्यंत आल्या होत्या. त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि त्या मैदानावर परतल्या. पुढे त्यांना क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय नोकरी मिळाली. पुरस्काराच्या वर्षी त्या तुळजापूर येथे काम करीत होत्या.

आता सांगा, या बाईंच्या अंगात रग नव्हती काय? एक वेळ जेवून दहा वर्षे पळणे ही साधी गोष्ट नव्हे. पण त्या रगेलाही एके दिवशी खीळ बसली. त्या वेळी उपयोगी पडले ते समजून घेणारे माणूस. कोणी त्यांना 'तुझ्यात दम नाही' म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक गुरुजीने आणि प्रत्येक आईबापाने करावा. रग माणसाच्या अंगात असते हे खरे, पण ती टिकवायला भोवतीची माणसे लागतात.

दूरदेशीचा एक खेळाडू

मुलीच्या त्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला अमेरिकेतील एक खेळाडू आठवला. ज्या देशात 1913 ते 1916 या काळात बाबासाहेबांनी शिक्षण घेतले, त्या देशाचा आवडता खेळ बेसबॉल. आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊच म्हणा. गोल दांडक्याने चेंडू मारायचा आणि चार टप्पे पळून घरी परतायचे, म्हणजे एक धाव. पण तेथील मोठ्या संघांत काळ्या माणसाला सहा दशके जागा नव्हती. काळ्यांचे संघ वेगळे, मैदानातली वागणूक वेगळी.

ही भिंत 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन या खेळाडूने ओलांडली. ब्रुकलिन डॉजर्स हा त्यांचा संघ. 1919 साली जॉर्जिया प्रांतात जन्म. वडील घर सोडून गेलेले. आईने लोकांच्या घरची कामे करून पाच लेकरे वाढवली. हे वाचताना आपल्यापैकी कित्येकांना आपलीच आई आठवेल.

रॉबिन्सन काही मान खाली घालणारे नव्हते. 1944 साली लष्करात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला सांगितले म्हणून त्यांनी साफ नकार दिला. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. असा हा पेटता माणूस. 1945 साली डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्यांना बोलावले आणि समोर बसवून, मैदानात ज्या शिव्या पडणार होत्या त्या सगळ्या ऐकवल्या. रॉबिन्सन यांनी विचारले की, तुम्हाला उलट वार करायला घाबरणारा खेळाडू पाहिजे काय? रिकींनी सांगितले की, उलट वार न करण्याइतके धैर्य असलेला खेळाडू पाहिजे. रॉबिन्सन यांनी तीन वर्षांसाठी शब्द दिला.

तो शब्द पाळणे किती कठीण होते, हे पहिल्या आठवड्यातच दिसले. फिलाडेल्फियाचा संघ खेळायला आला. त्यांच्या व्यवस्थापकाने आणि खेळाडूंनी रॉबिन्सन यांच्यावर घाणेरड्या शिव्यांचा भडिमार केला. सगळे सोडून त्यांच्या अंगावर धावून जावे असे आपल्याला वाटले होते, असे रॉबिन्सन यांनीच पुढे सांगितले आहे. ते गेले नाहीत. त्या दिवशी आठव्या डावात त्यांनी फटका मारून पहिला टप्पा गाठला, चपळाईने दुसरा टप्पा चोरला, तिसरा गाठला आणि घरी परतले. सामन्यातली ती एकुलती एक धाव होती. डॉजर्स 1-0 असे जिंकले. त्याच मालिकेत त्यांचा गोरा सहकारी एडी स्टँकी पुढे झाला. जो उलट बोलू शकत नाही अशा माणसाला काय शिव्या देता, असे त्याने समोरच्यांना खडसावले.

त्या वर्षी रॉबिन्सन यांना सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मिळाला. आणि पुढची गोष्ट फार महत्त्वाची आहे. 1949 पासून त्यांनी गप्प राहण्याचे बंधन सोडले. चुकीच्या निर्णयावर बोलू लागले, अपमानाला उत्तर देऊ लागले. त्याच वर्षी ते आपल्या लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. म्हणजे त्यांचे मौन कायमचे नव्हते. ते ठरावीक मुदतीचे होते, ठरवून पाळलेले होते, आणि पुढच्या काळ्या खेळाडूंना दार उघडावे यासाठी होते. मुकाट्याने सोसणे वेगळे आणि वेळ पाहून थांबणे वेगळे. 1997 साली त्यांचा 42 हा क्रमांक तेथील सर्व मोठ्या संघांतून सन्मानाने निवृत्त करण्यात आला.

आपल्याकडचे पालवणकर बंधू

अमेरिकेपर्यंत कशाला जायचे? रॉबिन्सन यांच्या पन्नास वर्षे आधी आपल्याकडे बाळू पालवणकर होते. 1876 साली धारवाडला चांभार कुटुंबात जन्म. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची झाडलोट करण्याचे काम, पगार महिना चार रुपये. तेथे इंग्रज खेळाडूंना सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा डावखुरा माणूस देशातला अव्वल फिरकी गोलंदाज झाला. हिंदू संघाला तो जिंकण्यासाठी हवा होता, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे पान वेगळे. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी 114 बळी घेतले.

एवढे करून कर्णधारपद मिळाले काय? नाही मिळाले. 1920 साली त्यांना डावलले गेले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण जाहीर निवेदन काढून लोकांपुढे मांडले. 1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या संघाने चौरंगी सामने जिंकले. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू पालवणकर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले, हेही आपण विसरत नाही. पण त्याने त्यांच्या गोलंदाजीचे मोल कमी होत नाही आणि त्यांच्या भावांनी घेतलेल्या भूमिकेचेही नाही.

येथे रग कशी वापरली ते पाहावे. चेंडू टाकताना हात थरथरला नाही. आणि अन्याय सहन होईना तेव्हा मैदानात धिंगाणा न घालता, सर्वांच्या सह्यांनिशी बोलावे तसे, ते जाहीरपणे आणि कारण देऊन बोलले. खेळाच्या वेळी खेळ, आणि जाब विचारण्याच्या वेळी जाब.

नुसत्या रगेने पोट भरत नाही

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रग असली की विजय ठरलेलाच, असे नसते. रॉबिन्सन यांच्या दहा वर्षांत डॉजर्स सहा वेळा अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले. त्यांपैकी पाच वेळा न्यूयॉर्क यांकीज संघाने त्यांना हरवले. अजिंक्यपद मिळाले ते एकदाच, 1955 साली. त्या पाच वर्षांत काय त्यांची रग कमी पडली होती? समोरचा संघ बळकट होता, एवढाच त्याचा अर्थ. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा यशस्वी फटका मारणारा मोठा खेळाडू समजला जातो. म्हणजे सात वेळा तो अपयशी होतो. प्रत्येक अपयशाला त्याने डोक्यात घेतले तर आठव्या वेळी दांडके उचलणार कोण?

म्हणून आम्हाला एका गोष्टीची काळजी वाटते. आपल्या लेकरांना 'रग दाखवा' म्हणणे फार सोपे असते, कारण त्याला पैसा लागत नाही. दूध, अंडी, डाळ यांना पैसा लागतो. बुटाला लागतो. सपाट मैदानाला, सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या प्रशिक्षकाला लागतो. ऊसतोडीला आईबाप गेल्यावर मुलगी आजीपाशी राहून सराव करते, तेव्हा तिच्या ताटात काय पडते हे कोणी विचारीत नाही. हरली की मात्र तिच्यात दम नव्हता म्हणतात. गरिबाच्या पोराच्या पराभवाचे खापर त्याच्या स्वभावावर फोडण्याची ही सवय जुनी आहे. ती आपण तरी लावून घेऊ नये.

जेथे सराव, आहार आणि संधी मिळते तेथे काय होते, तेही आपण पाहिले आहे. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला 78-40 असे हरवले. कर्णधार होत्या प्रियंका इंगळे. त्यांचे मूळ गाव बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, म्हणजे आपल्या कळंबच्या शेजारीच. असा एकतर्फी सामना डोळे वटारून जिंकता येत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांच्या पहाटा असतात.

घरात काय करावे?

तर मग आईबापांनी काय करावे? आम्हाला सुचते ते थोडक्यात सांगतो.

मुलगी हरून आली तर पहिला प्रश्न 'का हरलीस?' असा नसावा. 'जेवलीस का?' असा असावा. खेळाचे बोलणे दुसऱ्या दिवशी, डोके शांत झाल्यावर. नियम तिच्याकडून समजून घ्या. तुम्हाला खेळ कळत नसला तरी सांगता सांगता तिचे तिलाच कळते की चूक कोठे झाली.

मैदानात कोणी जातीवरून, वस्तीवरून, अंगाच्या रंगावरून बोलले तर लेकराने काय करायचे, हे आधीच घरात ठरवून ठेवावे. शिट्टी वाजेपर्यंत खेळायचे. सामना संपला की कर्णधाराने सरांकडे आणि सरांनी पंचांकडे तक्रार करायची. ती तोंडी न ठेवता लेखी द्यायची, आणि सोबत एक-दोन मोठी माणसे उभी राहायची. एकट्या लेकरावर हा भार टाकू नये. स्टँकीने जे केले ते संघातल्या इतर मुलींनीही शिकावे. आपल्या सोबतिणीला कोणी बोलले तर ते सगळ्या नऊजणींना बोलले असे समजावे.

आणि मुलगी वयात आली म्हणून खेळ बंद करू नका. सामन्याच्या दिवशी आई कडेला उभी दिसली की मुलीचे पाय हलके होतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या कळंबच्या माउलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. सामना संपल्यावर तिने लेकीला रडू दिले. मग तिचा हात धरून ती सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, पोरगी चुकली, ते तुम्ही तिला शिकवा. पण तिकडून जे बोललं गेलं, ते तुम्ही तिकडं जाऊन विचारा. ते काम पोरीचं न्हाई, आपलं हाय."

सर क्षणभर गप्प राहिले. मग चप्पल पायात सरकवून ते पंचांच्या टेबलाकडे चालू लागले. त्यांच्या मागोमाग आम्हीही उठलो, आणि लिंबाखाली बसलेली आणखी चार माणसे उठली. मुलगी डोळे पुसून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती पुन्हा मैदानावर होती. मध्यरेषेच्या अलीकडे पाय ठेवून झेप कशी घ्यायची, तेच ती पुन्हा पुन्हा करून पाहत होती.